निरोगी पण शिळी: चार डिस्कच्या एका ॲरेचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर आमच्या शाहूपुरीतल्या डेटा रिकव्हरीच्या दुकानात आला तो पोत्यातून. मे २०२४. बाहेर वळीव धो धो कोसळत होता, आणि मालकांच्या धाकट्या भावानं तो टॉवर बेंटोनाइटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून आणला होता. पोतं झटकलेलं नव्हतं. पहिला अर्धा तास आम्ही ब्लोअरनं करडी माती उडवण्यात घालवला.

"परवापर्यंत चालू हुतं बघा. लाइट गेली, आली, परत गेली. त्यानंतर काय उठंना."

आत सेंटओएस ७ होतं, त्यासाठी एक छोटी एसएसडी, आणि ४ टीबीच्या चार डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे चार मिळून एकच मोठी डिस्क भासावी अशी जोडणी. तिलाच ॲरे म्हणायचं. रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालतो तो प्रकार), डेटाचे ५१२ केबीचे तुकडे म्हणजे चंक, आणि ॲरेवर थेट एक्सएफएस फाइलसिस्टिम. मधे एलव्हीएमसारखा आणखी एखादा थर नाही, ही त्यातल्या त्यात सोय. माल साधारण पावणेसात टीबी: पॅटर्न आणि कोअर बॉक्सची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची, कॅड ड्रॉइंग, ग्राहकांचे पीपॅपचे (पार्टच्या मंजुरीच्या कागदांचे) गठ्ठे, आणि प्रत्येक हीटचे, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळीचे, स्पेक्ट्रो रिपोर्ट: धातूत काय किती आहे त्याची तपासणी. खरा जीव अडकला होता तो या शेवटच्यात. एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट जवळ आलेलं, आणि कुठल्या कास्टिंगमध्ये कुठल्या हीटचं लोखंड गेलं हे कागदावर दाखवता आलं नसतं तर पुढची ऑर्डर धोक्यात. बॅकअप आहे का, विचारलं. होता. त्याच ॲरेवर, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात.

आमच्याआधी एकाचा हात फिरून गेला होता. एसएसडीवर रूटची, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्याची, कमांड हिस्टरी शाबूत होती, त्यात सगळं दिसलं. वीज आल्यावर ॲरे उभा राहिला नाही, म्हणून त्या गृहस्थांनी 'एमडीएडीएम' या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामला 'क्रिएट' (नवा ॲरे बांध) आणि 'अझ्यूम क्लीन' (आतला डेटा जुळलेलाच धर) देऊन चारही डिस्क जुन्याच क्रमानं पुन्हा नव्यानं बांधल्या. मग माउंट करून पाहिलं. फाइलसिस्टिमचा लॉग, म्हणजे शेवटच्या बदलांची नोंदवही, वाचताना माउंट पडलं, तसे ते थांबले. एफएससीके किंवा रिपेअर असं दुरुस्तीचं काही चालवलं नाही, हे त्यांचे उपकारच. पण 'क्रिएट'नं एक गोष्ट कायमची नेली. प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकात (ॲरेविषयीची नोंद ठेवायची जागा) इव्हेंट काउंट आणि शेवटच्या अपडेटची वेळ असते, म्हणजे ही डिस्क ॲरेबरोबर कुठपर्यंत चालली याची हजेरीच. ती पुसली गेली. चारही डिस्कवर ॲरेच्या जन्माची तारीख परवाची, आणि इव्हेंट काउंट जवळजवळ शून्य.

मी हे पाहिलं, वहीत लिहिलं, आणि पुढे गेलो. तिथंच थांबायला हवं होतं.

डिस्कना लिनक्सच्या पद्धतीनं शून्य, एक, दोन, तीन असे आकडे दिले, स्टिकर लावले आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामनं इमेज, म्हणजे हुबेहूब प्रती, काढायला घेतल्या. मूळ डिस्कवर काम करायचं नाही हा दुकानाचा पहिला नियम. शून्य आणि तीन सरळ उतरल्या, आठ-आठ तासांत. दोनचीही एकही सेक्टर न चुकता इमेज मिळाली. तिच्या स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, रीअलोकेटेड (बदली दिलेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (वाचायला अडणारे) शून्य. फक्त १९९ नंबरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा १,३१२ होता. तो बहुतेक वेळा केबलचा दोष असतो, डिस्कचा नव्हे. एक नंबर मात्र आजारी. पेंडिंग सेक्टर पाचशेच्या वर, वाचताना मधेच करकर आवाज, आणि एकतीस तासांनंतर ३७ ठिकाणी मिळून ४,१८४ सेक्टर वाचलेच गेले नाहीत. म्हणजे साधारण २.१ एमबी. ४ टीबीत २.१ एमबी काहीच नाही म्हणाल, पण ती नेमकी कुठली हे कळेपर्यंत झोप लागत नाही.

इथं आमचं डोकं ज्या दिशेनं गेलं, त्या दिशेनं या धंद्यातल्या दहापैकी आठांचं जाईल. रेड ५ मध्ये प्रत्येक पट्ट्यात तीन तुकडे डेटाचे आणि एक पॅरिटीचा. चारपैकी कुठलेही तीन हाताशी असले की चौथा एक्सऑर करून, म्हणजे बिटांच्या एका सोप्या गणितानं, काढता येतो. मग एक डिस्क वगळायचीच आहे तर आजारी वगळा. शून्य, दोन, तीन या तीन निरोगी इमेज घ्यायच्या, एकची जागा रिकामी ठेवायची. २.१ एमबीची भोकं आपोआप टळतात. हिशोब इतका सरळ की त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

इमेजवर थेट न लिहिता आम्ही वर डिव्हाइस मॅपरचे स्नॅपशॉट चढवतो. फाउंड्रीच्या ड्रॉइंग सेक्शनमधल्या मॅडम नंतर विचारायला आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, मूळ ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर टाकायचा आणि खाडाखोड त्यावर करायची. बिघडलं तर ट्रेसिंग फाडायचा, ड्रॉइंग तसंच राहतं. त्यांना लगेच कळलं. दुकानात हाताखाली असलेल्या आमच्या पोराला हे पटवायला मला दोन वर्षं लागली होती.

ॲरे उभा राहिला. 'रीडओन्ली' आणि 'नोरिकव्हरी' देऊन माउंट केलं, झालं. यादी आली, ग्राहकांची फोल्डर दिसली. भावाला फोन करून "दिसतंय" एवढंच सांगितलं. तेवढंही सांगायला नको होतं, कारण त्यानं पलीकडे सगळ्या ऑफिसला सांगितलं.

कॉपी सुरू करून वीस मिनिटं झाली असतील. आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामनं पहिली ओळ टाकली: 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग', म्हणजे रचना बिघडलीय. एका डिरेक्टरीत शिरताच. मग दुसरी, मग सलग आठ-दहा. मधे दोन-तीनशे जीबी निमूट जायचे, आणि परत तेच. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगात एक्सएफएसची मेटाडेटा, म्हणजे फाइलींची नावं-जागा यांच्या नोंदी, बिघडल्याची तक्रार आणि सल्ला: अनमाउंट करून रिपेअर चालवा.

मी म्हटलं, लॉग रिप्ले न करता माउंट केलंय, शेवटचे बदल अर्धवट असणार, म्हणून हे. हा विचार चुकीचाच होता असं नाही, पण लॉगमध्ये असतात शेवटच्या थोड्या वेळचे बदल. आणि इथं डझनावारी डिरेक्टरी पडत होत्या. हे प्रमाण डोळ्यांत भरायला हवं होतं. नाही भरलं. स्नॅपशॉटवर रीडराइट माउंट करून लॉग रिप्ले होऊ दिला, तर तोही मधेच पडला. मग त्याच ट्रेसिंगवर रिपेअर, लॉग शून्य करण्याच्या पर्यायासह. सहा तास चालून 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये एकसष्ट हजार नावं नसलेल्या वस्तू टाकून ते संपलं. पोरगा खूश, कारण 'डन' आलं. त्यानं माउंट केलं, कॉपी लावली, आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

परत आलो तर सगळंच बंद. नुसती एखादी डिरेक्टरी नव्हे, अख्खी फाइलसिस्टिम शटडाउन झालेली. काहीही विचारा, इनपुट-आउटपुट एरर. रीबूट केलं, ट्रेसिंग नवा घातला, रिपेअर पुन्हा, कॉपी पुन्हा. या वेळी तीन तासांनी पडलं. तिसऱ्यांदा साडेचार तासांनी. दर वेळी वेगळी फाइल, वेगळी वेळ. पोरानं मशीनची रॅम बदलली, मेमटेस्ट रात्रभर चालवला. स्वच्छ.

आता दोन प्रकारची पडझड आमच्यासमोर होती आणि आम्ही तिला एकच समजत होतो. जे रोग वेगळे आहेत ते आधी वेगळे करायला हवेत. तिसऱ्या वेळेला मी शेवटची ओळ न वाचता कर्नलचा लॉग उलटा वर चढवत गेलो. शटडाउनच्या वर एक्सएफएसची लॉग लिहिता न आल्याची ओळ, आणि तिच्याही वर, चार सेकंद आधी, फाइलसिस्टिमशी संबंधच नसलेली एक ओळ: 'डिव्हाइस मॅपर, स्नॅपशॉट्स, इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट, अनेबल टू अलोकेट एक्सेप्शन'.

ट्रेसिंग पेपर भरला होता.

स्नॅपशॉटची फाइल पोरानं दर डिस्कला २ जीबी ठेवली होती. ती भरली की स्नॅपशॉट अख्खा बाद होतो, त्यातून वाचनसुद्धा बंद. वरच्या फाइलसिस्टिमला वाटतं डिस्कच गेली, आणि ती स्वतःला वाचवायला शटडाउन होते. पण आम्ही तर नुसती कॉपी करत होतो, मग लिहीत कोण होतं? रिपेअरनं बरंचसं आधीच भरलं होतं. उरलेलं भरलं ते वाचण्यानं. माउंट रीडराइट होतं, आणि फाइल नुसती वाचली तरी 'शेवटची कधी वाचली' ही वेळ तिच्या आयनोडमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिममधल्या तिच्या नोंदीत, लिहिली जाते. अठरा लाख फाइली. प्रत्येक लिहिण्यासोबत पॅरिटीचंही लिहिणं. थेंबे थेंबे ट्रेसिंग भरत गेला. म्हणून दर वेळी पडण्याची वेळ वेगळी यायची.

म्हणजे शटडाउनचा रोग फाउंड्रीच्या डेटात नव्हताच, आमच्या ट्रेसिंगमध्ये होता. स्नॅपशॉट २०० जीबीचे केले, माउंट कायम रीडओन्ली, आणि दुसऱ्या खिडकीत दर मिनिटाला स्नॅपशॉट किती भरला ते दाखवणारी एक ओळ. हा प्रकार पुन्हा झाला नाही. रिपेअर केलेला ट्रेसिंग फाडून टाकला. एकसष्ट हजार निनावी वस्तूंवर माझा विश्वास नव्हता.

डिरेक्टरीचा रोग मात्र जसाच्या तसा. पहिला संशय अर्थातच एक नंबरच्या न वाचलेल्या सेक्टरांवर. पण आम्ही ती डिस्क घेतलीच नव्हती! मी हे पोराला दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःलाच.

या टप्प्याला मॅडम आल्या. पडलेल्या डिरेक्टरींची यादी प्रिंट करून मी त्यांना दिली होती, निदान कुठली महत्त्वाची ते कळावं म्हणून. त्यांनी पेनानं खुणा केल्या आणि मान वर न करता विचारलं, "हे सगळं नवरात्रापासूनचंच आहे का हो?"

फाउंड्रीत हीटची फोल्डर महिन्यानुसार असतात. सप्टेंबर २०२३ पर्यंतची जवळजवळ सगळी धड होती. ऑक्टोबरचं अर्धं. नोव्हेंबरपासून पुढे सगळीकडे खड्डे. डिस्कवरचा बिघाड जागेनं होतो, कॅलेंडर बघून होत नाही. आम्ही आठवडाभर त्याच यादीकडे बघत होतो, पण आम्हाला ती मार्गांची यादी दिसत होती. त्यांना ती महिन्यांची दिसली.

मग मी एक साधी मजकुराची फाइल मागितली, जी त्या रोज बघतात. एप्रिल २०२४ चा स्पेक्ट्रोचा मासिक एक्स्पोर्ट, सुमारे २ एमबी. एका ओळीत एक नमुना: हीट नंबर, कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, पुढं गंधक आणि स्फुरद. आमच्या ॲरेवरून कॉपी झालेली ती फाइल आम्ही तिघांनी मिळून उघडली. सुरुवातीला कार्बन ३.३८, सिलिकॉन २.०५, सगळं ओळखीचं. बरोबर ५,२४,२८८व्या बाइटला, म्हणजे ५१२ केबी संपताच, मजकूर फुटला: अक्षरं नाहीत, नुसता कचरा. तो कचरा पुढच्या ५१२ केबीपर्यंत. आणि त्यानंतर, तिसऱ्या तुकड्यात, पुन्हा स्वच्छ, वाचता येणारा मजकूर. फक्त तो स्पेक्ट्रोचा नव्हता. २०२१ च्या डिस्पॅचची चलनं होती. कधीच डिलीट केलेल्या फाइलीची. चौथा तुकडा परत एप्रिलचा, ठणठणीत.

मॅडम म्हणाल्या, "ही चलनं मीच टाकली होती."

त्या एका फाइलीत सगळं होतं. पहिला तुकडा शून्य डिस्कवर, तो बरोबर. दुसरा एकवर, जी आम्ही घेतली नव्हती, म्हणून तो बाकी तिघींवरून गणिती काढलेला, आणि त्यात कचरा. तिसरा दोनवर, जी निरोगी, एकही सेक्टर न चुकलेली. तिनं इमानेइतबारे तिच्यावर होतं ते दिलं. फक्त ते २०२१ चं होतं, कारण एप्रिल २०२४ मध्ये ही फाइल लिहिली गेली तेव्हा ती डिस्क ॲरेत नव्हतीच.

अंदाज पटला, तरी एका फाइलीवर भरवसा ठेवायचा नव्हता. कर्नल लॉगातले मेटाडेटा एररचे ४१ पत्ते काढले आणि प्रत्येक पत्ता कुठल्या डिस्कवर पडतो याचा हिशोब मांडला. नमुन्याला एक करून दाखवतो, कारण हा हिशोब हातानं एकदा केला की पुढे कधी विसरत नाही. पत्ता ३,८७,५१,२१,४७२, ५१२ बाइटच्या सेक्टरांत. चंक १,०२४ सेक्टरांचा, म्हणून भागिले १,०२४: चंक क्रमांक ३७,८४,२९८, आत ३२०वा सेक्टर. एका पट्ट्यात डेटाचे तीन चंक, म्हणून भागिले ३: पट्टा १२,६१,४३२, बाकी २. या ॲरेची मांडणी लेफ्ट सिमेट्रिक, लिनक्सची नेहमीची. पट्ट्याचा आकडा चारानं भागून बाकी शून्य, म्हणजे पॅरिटी तीन नंबरवर. डेटा पॅरिटीच्या पुढच्या डिस्कपासून मोजायचा, तीननंतर परत शून्य: पहिला चंक शून्यवर, दुसरा एकवर, आपला तिसरा दोनवर. डेटाची सुरुवात २,६२,१४४व्या सेक्टरपासून, तेव्हा प्रत्यक्ष डिस्कवर तो सेक्टर १,२९,१९,६८,८३२. दोन नंबरच्या इमेजमध्ये तिथं जाऊन पाहिलं. आयनोडच्या तोंडाशी 'आयएन' ही दोन अक्षरं असायला हवीत. तिथं नुसती शून्यं. त्या जागेवर कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं.

पोरानं दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून उरलेले चाळीस काढले. एक नंबरवर २६, दोन नंबरवर १५. शून्य आणि तीनवर एकही नाही.

एररचे दोन चेहरे का होते तेही यात उलगडलं. दोनवर पडणाऱ्या जागी बरेचदा चेकसमची तक्रारच यायची नाही. एक्सएफएसच्या नव्या रचनेत प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकला सीआरसी, म्हणजे मजकूर बिघडला नाही ना हे तपासायचा चेकसम, असतो, पण ४ केबीचा ब्लॉक ५१२ केबीच्या चंकात पूर्ण मावतो, म्हणून शिळा ब्लॉक अख्खाच्या अख्खा शिळा मिळतो. त्याचा सीआरसी बरोबर, कारण तो ब्लॉक तेव्हा खराच होता. मग फाइलसिस्टिम दोन पावलं पुढं जाऊन अडखळते: नाव आहे, पण ते ज्या आयनोडकडे बोट दाखवतं तिथं काहीच नाही. एकवर पडणाऱ्या जागी मात्र थेट सीआरसी चुकायचा, कारण तो ब्लॉक ताज्या आणि शिळ्या तुकड्यांचा एक्सऑर होता, कुठल्याच दिवसाचा नसलेला. चेकसम बरोबर आला म्हणून डेटा आजचा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. चेकसमला तारीख विचारलीच नव्हती. खरं तर या ब्लॉकांत लॉगचा क्रमांकही नोंदलेला असतो आणि तो पाहिला असता तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. आता पाहतो.

शेवटचा पुरावा एसएसडीवरच होता. सिस्टिम लॉग चार आठवड्यांच्या वर राहत नाहीत, तिथं काही मिळालं नाही. पण एमडीएडीएमचा पहारेकरी काही बिघडलं की रूटला मेल टाकतो. रूटची मेल वाचतं कोण? ती पडते 'व्हार, स्पूल, मेल, रूट' या फाइलीत. फाइल उघडली. १४ ऑक्टोबर २०२३, रात्री दोनचा सुमार: एमडी शून्यवर, म्हणजे याच ॲरेवर, फेल इव्हेंट, आणि खाली ॲरेची स्थिती, चारपैकी तीन चालू, यू यू रेघ यू. ती रेघ म्हणजे दोन नंबर. पुढे दर रीबूटला एक-एक पत्र, ॲरे अधू आहे म्हणून. सात महिन्यांची पत्रं, सगळी न वाचलेली.

भावाला दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. "म्हंजे मशीन सांगत हुतं?"

"हो, पण तुम्हाला नाही. रूटला."

इथून पुढचं काम सोपं, पण बारीक. ॲरे नव्यानं उभा केला: शून्य, आजारी एक, आणि तीन. निरोगी दोन बाहेर. रीडओन्ली, नोरिकव्हरी. लॉगला मी हात लावू दिला नाही. चुकीच्या डिस्कसकट एकदा माउंटचा प्रयत्न झालेला, त्या लॉगवर भरवसा कशाला ठेवायचा? शेवटच्या काही मिनिटांचं काम गेलं तर गेलं. ४१ पैकी ४० पत्ते आपसूक नीट झाले. एप्रिलचा स्पेक्ट्रो एक्स्पोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लोखंडाचाच.

उरली एक नंबरची ३७ भोकं. आणि आता ती दुप्पट महाग होती, कारण दोन नंबर नसल्यानं तिचे तुकडे एकवरून काढावे लागतात. एकवर भोक, तर त्याच पट्ट्यात दोनच्या जागीही भोक.

मग ज्या शिळ्या डिस्कनं आठवडा खाल्ला तिलाच कामाला लावलं. ॲरेची सदस्य म्हणून ती टाकाऊ. पण ज्या पट्ट्याला १४ ऑक्टोबरनंतर कुणी हात लावलेला नाही, त्या पट्ट्यापुरती ती अजून ताजी आहे. आणि ते ओळखता येतं: भोकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे वाचता आलेले सेक्टर घ्या, चारही डिस्कचे त्याच ठिकाणचे तुकडे एक्सऑर करा. उत्तर सगळं शून्य आलं तर पट्टा बदललेला नाही. मग भोकातला मजकूर शून्य, दोन आणि तीनवरून काढून एकच्या इमेजच्या ट्रेसिंगवर भरायचा. हा पक्का पुरावा नव्हे. लिनक्सचं रेड ५ चार-चार केबीनं लिहितं, त्यामुळे शेजारी जुनाच राहून मधलाच बदललेला असू शकतो. म्हणून भरलेल्या जागी येणाऱ्या फाइली एकेक उघडून पाहिल्या. ३७ पैकी २९ ठिकाणी हिशोब शून्य आला आणि तिथल्या सगळ्या फाइली धड निघाल्या. बऱ्याचशा २०२२ च्या ड्रॉइंगच्या.

आठ भोकं राहिली, त्यांचे मिळून बारा डाग (काही ठिकाणी दोनांतला एक तुकडा पॅरिटीचा, म्हणून सोळा नव्हेत). नेहमीची युक्ती अशी की न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यूकडून एखादा ठरावीक शब्द भरून घ्यायचा आणि कॉपी झालेल्या फाइलींत तो शोधायचा. इथं ती अर्धीच चालते. एकच्या जागी शब्द दिसतो, पण दोनच्या जागी तो एक्सऑरमधून जाऊन ओळखू येत नाही. म्हणून वरच्यासारखाच हिशोब उलटा करून बारा पत्ते काढले आणि सगळ्या फाइलींच्या नकाशांशी जुळवले. पाच मोकळ्या जागेत. सहा सहा फाइलींत. एक आयनोडवर, तो ४१ मधला उरलेला पत्ता.

त्या एकानं सर्वांत जास्त वेळ खाल्ला. खराब झालेला ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे ५१२ बाइटचे आठ आयनोड. पण एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर आयनोड ३२ च्या गठ्ठ्यानं वाचतं, आणि गठ्ठ्यात एकाचं तोंड चुकलं की सगळा गठ्ठा नाकारतं. आठांच्या पायी चोवीस निरपराध अडकले. ते एक्सएफएस-डीबीनं एकेक बाहेर काढले: आयनोड उघडायचा, त्याचे एक्स्टेंट, म्हणजे डेटा कुठल्या ब्लॉकांत आहे ते, लिहून घ्यायचे, तेवढे ब्लॉक डीडीनं कापून नवी फाइल करायची. चोवीसच्या चोवीस मिळाल्या. मधे पोरगा म्हणाला, "हे म्हंजे चुंगडीतनं एकेक दाणा निवडल्यागत झालं." झालंच होतं.

ऑडिटच्या तीन दिवस आधी भाऊ आणि मॅडम दोघं आले. गेलेलं किती, याचा हिशोब एका पानावर मावला: आठ फाइली पूर्ण, सहा अर्धवट. आठांपैकी पाच कॅडच्या ऑटोसेव्ह होत्या, त्या कुणालाच नको होत्या. बाकी तीन पॅटर्नची ड्रॉइंग. मॅडमनी क्रमांक वाचले आणि तिथल्या तिथं उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे तिन्हींच्या प्रिंट होत्या, एकीवर चहाचा डाग असलेली. सहा अर्धवटांत स्पेक्ट्रोचं काहीच नव्हतं.

भाऊ डिस्क गोळा करताना दोन नंबरपाशी थांबला. "ही चांगली हाय म्हणता. मग परत वापरली तर चालंल?"

मी त्याला तिच्या सीआरसीचा आकडा दाखवला आणि टॉवरमधली तिची साटा केबल काढून हातात दिली. २०१९ च्या महापुरानंतर सर्व्हर खालच्या ऑफिसातून माडीवर हलवला होता, तेव्हा कधीतरी ती झाकणाखाली चिमटून बसली असावी. मधोमध चपटी झाली होती. नवी केबल लावून डिस्क दोन दिवस चाचणीला ठेवली. आकडा १,३१२ वरच राहिला.